डॉ. कमला सोहोनी : चाळीस पानांचा प्रबंध

इंदूर, मुंबई, बंगळूर, केंब्रिज, दिल्ली, कुन्नूर आणि पुन्हा मुंबई. डॉ. कमला सोहोनी यांच्या आयुष्यातील मुक्कामांची ही यादी महाराष्ट्राबाहेर बिऱ्हाड थाटलेल्या मराठी माणसाला चटकन ओळखीची वाटावी. नोकरी, बदली वा शिक्षण यांमुळे आपल्यापैकी अनेकांच्या कुटुंबांचा प्रवास थोड्याफार फरकाने असाच झालेला आहे. तरीही आपल्या घरांतून कमलाबाईंचे नाव फारसे निघत नाही. त्यांच्या थोरल्या भगिनी दुर्गाबाई भागवत यांचे नाव निघते. 1975 साली कराडच्या साहित्य संमेलनाच्या अध्यक्षपदावरून आणीबाणीच्या काळात त्यांनी दाखविलेला निर्भीडपणा मराठी मनाने जपून ठेवला आहे, आणि तो जपावा असाच आहे. परंतु त्याआधी बेचाळीस वर्षे याच घरातील धाकट्या बहिणीने, कोणतेही व्यासपीठ पाठीशी नसताना, एका फार मोठ्या माणसाच्या दारात तशीच निर्भीड भूमिका घेतली होती. सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेच्या निमित्ताने तिची कहाणी सांगावी असे मनात आले.

कमलाबाईंचा जन्म 1911 साली इंदूरला झाला. होळकरांच्या त्या नगरीत मराठीपण उपरे नव्हते. भागवतांचे घर विद्येचे, आणि त्यातही रसायनशास्त्राचे होते. वडील नारायणराव आणि चुलते माधवराव हे दोघेही रसायनशास्त्रज्ञ, आणि दोघांचेही शिक्षण बंगळूरला जमशेटजी टाटांच्या देणगीतून उभ्या राहिलेल्या विज्ञानसंस्थेत झालेले. लोक तिला टाटा इन्स्टिट्यूट म्हणत. इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ सायन्स हे तिचे आजचे नाव. या संस्थेत विद्यार्थ्यांची पहिली तुकडी दाखल झाली तीही 1911 सालीच. कमलाबाई आणि ती संस्था अशा रीतीने एकाच वयाच्या. जिथे वडील शिकले तिथेच आपणही संशोधन करावे, असे त्या घरातील मुलीला वाटले तर त्यात नवल कसले? तो एक प्रकारे घरचाच रस्ता होता. मुलींसाठी तो बंद आहे, हे मात्र प्रत्यक्ष दारापर्यंत जाईतो कोणी सांगितले नव्हते.

1933 साली कमलाबाई मुंबई विद्यापीठाच्या बी.एस्सी. परीक्षेत सर्वप्रथम आल्या. रसायनशास्त्र हा मुख्य विषय आणि पदार्थविज्ञान हा दुय्यम. एवढ्या यशानंतर त्यांनी बंगळूरच्या संस्थेकडे संशोधनासाठी अर्ज केला. त्याच वर्षी सर चंद्रशेखर वेंकट रामन हे संस्थेचे पहिले भारतीय संचालक झाले होते. तीनच वर्षांपूर्वी, 1930 साली, त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले होते, आणि साऱ्या देशाला त्यांचा अभिमान होता. त्यांनी कमलाबाईंचा अर्ज नाकारला. गुण कमी होते म्हणून नव्हे, जागा भरल्या म्हणूनही नव्हे. अर्जदार मुलगी आहे, आणि संशोधनाचे काम स्त्रियांना झेपणारे नाही, एवढेच कारण.

असे पत्र घरी येते तेव्हा काय होते, ते आपण जाणतो. चार वडीलधारी माणसे समजूत घालतात. शिक्षिकेची नोकरी किंवा लग्न, असे दोन सरळ मार्ग पुढे ठेवले जातात. आणि वर्षभरात तो अर्ज सगळ्यांच्या विस्मरणात जातो. कमलाबाईंचे वय तेव्हा बावीस वर्षांचे होते. त्या थेट बंगळूरला गेल्या आणि संचालकांच्या कचेरीसमोर सत्याग्रह आरंभून बसल्या. गांधीजींच्या सविनय कायदेभंगाचे ते दिवस. सत्याग्रह हा शब्द घरोघरी पोचला होता. पण प्रवेश-अर्जासाठी, तेही नोबेल पारितोषिकाच्या मानकऱ्यापुढे, तो करणारी विद्यार्थिनी दुसरी आढळत नाही. परीक्षेत पहिली आलेल्या उमेदवाराला का नाकारले, याचे कारण त्यांना हवे होते; आणि पटण्याजोगे कारण देता येणे शक्यच नव्हते.

अखेर रामन नमले, पण अर्धेच. प्रवेश मिळाला तो अटींवर. पहिले वर्षभर कमलाबाईंना नियमित विद्यार्थिनी मानले जाणार नाही. कामाच्या दर्जाविषयी संचालकांची खात्री पटल्यावरच ते काम ग्राह्य धरले जाईल. मार्गदर्शक सांगतील तेव्हा रात्री उशिरापर्यंत काम करावे लागेल. आणि तिसरी अट अशी की त्यांच्यामुळे प्रयोगशाळेचे वातावरण बिघडता कामा नये. म्हणजे पुरुष सहकाऱ्यांचे चित्त विचलित होता कामा नये. पहिल्या दोन अटी कष्टाच्या होत्या आणि कष्टांना कमलाबाई भीत नव्हत्या. तिसरी अट अपमानाची होती. दुसऱ्याच्या चित्ताची जबाबदारी आपल्या माथी घेऊन वर्षभर मान खाली घालून वावरायचे, हा त्या अटीचा अर्थ. तरीही त्यांनी तिन्ही अटी मान्य केल्या. या ठिकाणी त्यांनी तत्त्वासाठी परत फिरायला हवे होते, असे कोणी म्हणेल. प्रस्तुत लेखकाला तसे वाटत नाही. परत फिरणे हेच तर समोरच्याला हवे होते. मात्र कमलाबाई तो अपमान गिळून विसरल्या, असेही कोणी समजू नये. साठाहून अधिक वर्षांनी, वार्धक्यात, स्त्री-वैज्ञानिकांच्या एका सभेत त्यांनी या प्रसंगाविषयी सांगितले, तेव्हा रामन यांचे वैज्ञानिक थोरपण मान्य करूनही त्यांच्या मनाच्या कोतेपणाबद्दल बोलायला त्या कचरल्या नाहीत.

संस्थेत त्यांना मार्गदर्शक लाभले ते श्रीनिवासय्या. शिस्तीला कडक, पण शिकविण्यात हात आखडता न घेणारे. विषय होता दूध, डाळी आणि कडधान्ये यांतील प्रथिनांचा. ज्या देशात कोट्यवधींच्या ताटात मांस-मासे नाहीत, त्या देशात डाळीतील प्रथिनांचा अभ्यास हा पोटाचा प्रश्न असतो. वर्ष सरले आणि रामन यांची खात्री पटली. कमलाबाई नियमित विद्यार्थिनी झाल्या. संस्थेला त्या काळी स्वतःच्या पदव्या देण्याचा अधिकार नव्हता, म्हणून तिथल्या कामावरचा त्यांचा प्रबंध मुंबई विद्यापीठाकडे गेला आणि 1936 साली त्यांना एम.एस्सी. पदवी विशेष प्रावीण्यासह मिळाली. यापुढे रामन यांनी मुलींना संस्थेत प्रवेश देण्यास सुरुवात केली. कमलाबाईंच्या त्या वर्षाचे खरे फलित हेच म्हणावे लागेल.

दार उघडले म्हणजे घर आपले झाले, असे मात्र नाही. 1940 साली त्याच संस्थेत, रामन यांच्याच हाताखाली, अण्णा मणी नावाच्या विद्यार्थिनीने हिरे आणि माणके यांच्या प्रकाशीय गुणांवर काम आरंभिले. पुढे हवामानशास्त्रात त्यांनी देशभर नाव कमावले. 1945 साली त्यांनी आपला प्रबंध मद्रास विद्यापीठाकडे धाडला, पण एम.एस्सी. पदवी नाही या कारणास्तव त्यांना पीएच.डी. नाकारली गेली. काम पुरे, प्रबंध पुरा, पदवी मात्र नाही. हे पाहिले म्हणजे कमलाबाईंनी 1936 साली ती एम.एस्सी. पदरात पाडून घेतली याचे मोल कळते.

आता केंब्रिजकडे वळू. मुंबई विद्यापीठाच्या स्प्रिंगर आणि सर मंगळदास नथुभाई या दोन शिष्यवृत्त्या कमलाबाईंना मिळाल्या आणि 1937 साली त्या इंग्लंडला पोचल्या. केंब्रिजला जीवरसायनशास्त्राचे अध्यापन व संशोधन सर फ्रेडरिक गॉलंड हॉपकिन्स यांच्या छत्राखाली चाले. जीवनसत्त्वांवरील कामासाठी 1929 सालच्या नोबेल पारितोषिकात त्यांचा वाटा होता. नोबेल पारितोषिकाचे मानकरी असलेले हे दुसरे संचालक. पण पहिल्यात आणि यांच्यात किती अंतर! हॉपकिन्स यांच्या प्रयोगशाळेत स्त्रिया संशोधन करीत आणि त्यात कोणाला काही वावगे वाटत नसे. मार्जरी स्टीफन्सन, डोरोथी नीडहॅम ही त्यांतली ठळक नावे. इथे अडचण निघाली ती निराळीच. प्रयोगशाळा भरलेली होती. बसायला टेबल नव्हते. डेरेक रिक्टर नावाच्या तरुण संशोधकाने तोड काढली. दिवसा त्यांचे टेबल कमलाबाईंनी वापरावे. आपण आपले काम रात्री करू, असे त्यांनी ठरविले. परक्या देशातून आलेल्या, नाव-गाव ठाऊक नसलेल्या मुलीसाठी एका माणसाने आपल्या दिवसाची रात्र केली. बंगळूरच्या तीन अटींशेजारी हे एक टेबल ठेवून पाहावे.

डिसेंबर 1937 मध्ये न्यूनम या स्त्रियांच्या कॉलेजात कमलाबाईंचे नाव रीतसर दाखल झाले. रिक्टर यांच्यासमवेत त्यांनी प्राण्यांच्या शरीरातील काही एन्झाइमांवर काम केले, आणि त्यांचे संयुक्त शोधनिबंध प्रसिद्धही झाले. पुढे रिक्टर अन्यत्र गेले. मार्गदर्शक मध्येच निघून जाणे ही पीएच.डी.च्या विद्यार्थ्यावर कोसळणारी मोठी आपत्ती. ज्यांच्या घरात कोणी संशोधन केले आहे त्यांना हे वेगळे सांगायला नको. कमलाबाईंनी वेळ दवडला नाही. रॉबिन हिल यांच्याकडे त्यांनी नव्या विषयाला हात घातला. प्राण्यांकडून त्या वनस्पतींकडे वळल्या. आणि त्यांच्या नावाशी कायमचा जोडला गेलेला शोध इथेच लागला.

तो शोध समजून घ्यायचा तर थोडे मागे जायला हवे. आपण श्वास घेतो म्हणजे छातीचा भाता चालवितो, एवढेच आपल्याला दिसते. पण खरा श्वास शरीरातील प्रत्येक पेशी घेत असते. अन्नातून निघालेले इलेक्ट्रॉन हातोहात पुढे सरकवीत अखेर ऑक्सिजनपर्यंत पोचवायचे, आणि या देवघेवीतून सुटणारी ऊर्जा कामी लावायची, असा हा व्यवहार आहे. विहिरीपासून आगीपर्यंत माणसांची रांग लावून बादल्या पुढे पुढे द्याव्यात, तसा. या रांगेत उभी असलेली लोहयुक्त, रंगीत प्रथिने म्हणजे सायटोक्रोमे. या नावाचा अर्थच पेशीतील रंग असा आहे. वर्णपटदर्शकातून पाहिले असता या रंगाच्या विशिष्ट काळ्या पट्ट्या दिसतात. मॅकमन नावाच्या एका डॉक्टराने त्या एकोणिसाव्या शतकातच पाहिल्या होत्या, पण त्या काळच्या बड्या शास्त्रज्ञांनी त्याचे म्हणणे उडवून लावले. 1925 साली केंब्रिजलाच डेव्हिड केलिन यांनी त्या पुन्हा शोधल्या, नीट अभ्यासल्या आणि त्यांना आजचे नाव दिले. रॉबिन हिल यांनी या केलिन यांच्यासमवेत काम केले होते. छोटा वर्णपटदर्शक डोळ्याला लावून पदार्थ पाहण्यात त्यांचा हातखंडा होता. हिरव्या पानातून अलग काढलेल्या हरितकणांवर प्रकाश पडला की ऑक्सिजन बाहेर पडतो, हे त्यांनी नुकतेच दाखवून दिले होते.

प्रश्न होता वनस्पतींचा. झाडालाही श्वसन असते; पण प्राण्यांच्या पेशींत चालते तेच यंत्र तिथेही चालते काय? हिरव्या पानातील हरितद्रव्य स्वतःच इतका प्रकाश शोषून घेते की त्याआड सायटोक्रोमच्या पट्ट्या लपून जातात. कमलाबाईंनी बटाटा हाती घेतला. त्यात हरितद्रव्याचा अडथळा नव्हता. बटाट्यापासून निघून वनस्पतींच्या निरनिराळ्या ऊतकांकडे त्या वळल्या, आणि वनस्पतींच्या पेशींतही सायटोक्रोम सी असते व तेच त्यांच्या श्वसनात भाग घेते, हे त्यांच्या कामातून स्पष्ट झाले. सपुष्प वनस्पतींतील सायटोक्रोम ऑक्सिडेज या एन्झाइमाविषयीचे हिल आणि भागवत या दोन नावांचे टिपण 1939 साली नेचर या नियतकालिकात छापून आले. मंडईतला बटाटा आणि तो चिरणारा हात, दोन्हींच्या पेशींत श्वसनाची एकच रांग उभी आहे, हे आज शाळेतल्या पुस्तकात दोन ओळींत आटोपते. पुढे 1960 नंतर याच सायटोक्रोम सी मधील घटकांचा क्रम प्राण्या-प्राण्यांत आणि वनस्पतींत ताडून पाहून कोणाचे नाते कोणाशी किती जवळचे, याची वंशावळ मांडण्यापर्यंत शास्त्रज्ञांची मजल गेली.

केंब्रिजला पाऊल ठेवल्यापासून अवघ्या चौदा महिन्यांत कमलाबाईंनी आपला प्रबंध सादर केला. तो चाळीस टंकलिखित पानांचा होता. आपल्याकडे प्रबंधाचे वजन हातात तोलून पाहण्याची रीत आहे; चारशे पानांहून कमी असला तर विद्यार्थ्यालाच संकोच वाटतो. त्यांच्या पाहुण्यारावळ्यांनी त्या चाळीस पानांकडे पाहून काय म्हटले असते, याची कल्पना करून हसू येते. पण जे सिद्ध करायचे होते ते तेवढ्यात सिद्ध झाले होते. मग एकेचाळिसावे पान कशाला? 1939 साली त्यांना पीएच.डी. मिळाली.

इथे एक गोष्ट सांगितली पाहिजे, कारण ती सहसा सांगितली जात नाही. केंब्रिज विद्यापीठ त्या काळी स्त्रियांना पदवी देत असे ती केवळ नावापुरती. 1921 पासून स्त्रियांना पदवीचे बिरुद मिळे, पण विद्यापीठाचे सभासदत्व आणि त्याबरोबर येणारे मताचे हक्क मिळत नसत. पुरुषांच्या बरोबरीने पूर्ण पदवी त्यांना मिळू लागली ती 1948 साली. हॉपकिन्स यांच्या प्रयोगशाळेतील उदार वातावरणाविषयी वर लिहिले ते खरेच आहे. परंतु त्या इमारतीच्या बाहेरचे विद्यापीठ निराळे होते. बंगळूरच्या संचालकांना बोल लावताना इंग्लंडकडे फार कौतुकाने पाहू नये, एवढ्यासाठी हे लिहिले.

विज्ञान शाखेत पीएच.डी. मिळविणारी पहिली भारतीय स्त्री, असा कमलाबाईंचा उल्लेख सर्वत्र होतो. त्याविषयी थोडे सावध असावे. केरळच्या जानकी अम्माळ यांनी अमेरिकेतील मिशिगन विद्यापीठाची डॉक्टरेट 1931 साली मिळविली होती. त्यांचा विषय वनस्पतींच्या पेशींतील गुणसूत्रांचा. पहिली कोण, हा वाद पदवीच्या नावांवर अवलंबून राहतो आणि त्यातून फारसे हाती लागत नाही. दोघींनीही वनस्पतींच्या पेशी अभ्यासल्या, दोघीही घरापासून हजारो मैल दूर होत्या, एवढे साम्य लक्षात ठेवावे.

पदवी मिळाल्यावर कमलाबाई 1939 सालीच मायदेशी परतल्या. दिल्लीच्या लेडी हार्डिंज वैद्यकीय महाविद्यालयात नव्याने निघालेल्या जीवरसायन विभागाच्या त्या प्रमुख झाल्या. तिथून निलगिरीतील कुन्नूरच्या पोषण-संशोधन प्रयोगशाळेत साहाय्यक संचालक म्हणून गेल्या. तिथे काम पुष्कळ झाले, पण वर जाण्याची वाट दिसेना. 1947 साली विमागणितज्ञ मा. वि. सोहोनी यांच्याशी त्यांचा विवाह झाला आणि त्या मुंबईस आल्या.

मुंबईच्या विज्ञान संस्थेत 1949 साली जीवरसायनशास्त्राचा विभाग सुरू झाला. तिथे कमलाबाईंनी विद्यार्थ्यांची एक पिढीच घडविली. विषय पुन्हा तेच, बंगळूरचे : आपल्या लोकांच्या ताटात येणारे अन्न. वाल आणि डबल बी यांत प्रथिनांच्या पचनात अडथळा आणणारी द्रव्ये असतात. ती त्यांनी व त्यांच्या विद्यार्थ्याने स्फटिकरूपात वेगळी काढली, आणि ते टिपण 1955 साली नेचरमध्येच प्रसिद्ध झाले. वाल भिजवून, मोड आणून, सोलून, चांगले शिजविल्यावाचून आपल्याकडच्या बायका पानात वाढीत नाहीत. तो खटाटोप निव्वळ चवीचा नव्हे. उष्णतेने ही अडथळ्याची द्रव्ये बरीचशी निकामी होतात. राष्ट्रपती डॉ. राजेंद्रप्रसाद यांच्या सूचनेवरून त्यांनी नीरेचा अभ्यास केला. ताडा-माडाच्या त्या ताज्या रसात जीवनसत्त्वे आणि लोह आहे, आणि आदिवासी भागांतील कुपोषित मुले व गरोदर स्त्रिया यांना तो उपकारक ठरतो, असे त्यांनी दाखविले. या कामासाठी त्यांना राष्ट्रपतींचे पारितोषिक मिळाले. आरे दूध योजनेलाही त्यांचा सल्ला असे.

संस्थेच्या संचालकपदावर त्यांचा हक्क उघड होता. ते पद त्यांना मिळाले ते 1965 साली, अंतर्गत राजकारणापायी चार वर्षे उशिरा. हिशेब करून पाहण्याजोगा आहे. केंब्रिजची पीएच.डी. चौदा महिन्यांत झाली. त्याआधी बंगळूरला केवळ विद्यार्थिनी म्हणून मान्यता मिळण्यात एक वर्ष गेले होते. आणि नंतर, सारे काही सिद्ध करून झाल्यावर, संचालकाच्या खुर्चीपर्यंतची शेवटची चार पावले चार वर्षांची ठरली. एवढ्या मोठ्या विज्ञानसंस्थेची पहिली स्त्री-संचालक होऊन आपण इतिहास घडविला, असे अभिनंदन ज्यांनी आवर्जून कळविले ते डेरेक रिक्टरच होते. सत्तावीस-अठ्ठावीस वर्षांपूर्वी आपले टेबल देणारे.

1969 साली त्या निवृत्त झाल्या, पण घरी बसल्या नाहीत. 1966 साली मुंबईत नऊ स्त्रियांनी मिळून ग्राहक मार्गदर्शन संस्था काढली होती, तिच्या संस्थापकांत कमलाबाई होत्या. 1982-83 मध्ये त्यांनी तिचे अध्यक्षपदही सांभाळले. अन्नातील भेसळ कशी ओळखावी, बाजारातला माल कसा पारखावा, याविषयी त्या संस्थेच्या कीमत या मासिकात लिहीत. विद्यार्थ्यांसाठी त्यांनी मराठीतून विज्ञानाची पुस्तकेही लिहिली. प्रयोगशाळेतील बाई स्वयंपाकघरापर्यंत येऊन पोचल्या, असे कोणी म्हणेल; खरे पाहता त्यांचे संशोधन स्वयंपाकघरातून कधी बाहेर पडलेच नव्हते.

त्यांची कहाणी बरीच वर्षे फारशी कोणाला ठाऊक नव्हती. ती कानी आली तेव्हा भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या पहिल्या स्त्री-महासंचालक डॉ. सत्यवती यांनी त्यांना सन्मानाने दिल्लीस बोलाविले. पस्तीशीही उलटली नव्हती तेव्हा ज्या शहरात त्यांनी जीवरसायनाचा विभाग उभा केला, त्याच शहरात, शहाऐंशीच्या घरातल्या कमलाबाई सत्कारासाठी उभ्या राहिल्या. समारंभ चालू असतानाच त्या कोसळल्या. त्यानंतर लौकरच, 1998 साली, त्यांचे निधन झाले.